जळकं ऑइल आणि व्हीजी-३० : सिंधुदुर्गातल्या एका डांबर-तपासणीच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, कुडाळ

प्रकल्प आज कागदावर आला. प्रश्न तीन आहेत. रस्त्याच्या डांबरात वापरलेल्या इंजिन ऑइलचा अंश आहे का? असला तर आमच्या प्रयोगशाळेतल्या साधनांनी तो कळतो का? आणि कोकणातल्या रस्त्याचं त्याने नेमकं काय बिघडतं? हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे ठेवायचे, असं विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. मे महिन्यात केलेलं कार्पेट, म्हणजे रस्त्याचा वरचा डांबरी थर, चतुर्थीला चाकरमानी येईपर्यंत उखडलं की गाव म्हणतो डांबरात भेसळ, ठेकेदार म्हणतो पाऊस. मोजमाप दोघांकडेही नसतं. मला मोजमाप हवं आहे.

ही शंका प्रथम गंभीरपणे तपासली गेली ती कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात. तिथले काही रस्ते अपेक्षेपेक्षा फार लवकर तडकत होते. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले प्राध्यापक सायमन हेस्प यांनी रस्त्यावरचं डांबर एक्सआरएफ या, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राखाली धरलं आणि त्यात जस्त सापडलं. २०१० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. साध्या डांबरात जस्त जवळजवळ नसतंच, इंजिन ऑइलमध्ये मात्र ते मुद्दाम घातलेलं असतं. वापरलेलं ऑइल निर्वात ऊर्ध्वपातनाने पुन्हा शुद्ध केलं की चांगलं तेल वर निघून जातं आणि तळाशी काळा, जाड गाळ उरतो. तोच गाळ डांबर मऊ करायला वापरला जात होता.

पण ओंटारिओत हिवाळ्यात पारा शून्याखाली कितीतरी उतरतो. आमच्याकडे थंडीने रस्ता तडकत नाही. तिथली उत्तरं उचलून इथे आणली तर काहीच सिद्ध होणार नाही. आमचा रस्ता पाण्यात आणि उन्हात मरतो, म्हणून परीक्षाही पाण्याची आणि उन्हाची घ्यायला हवी.

१८ नोव्हेंबर, मालवण

जेटीवर जाऊन आलो. ट्रॉलरच्या इंजिनातून काढलेलं ऑइल कुठे जातं हे पाहायचं होतं. तांडेल काकांनी सरळ सांगितलं, "ह्यां ऑइल खंय जाता, ता आमका म्हायत नाय. गाडी येता, पिंपा भरता नि जाता." थोडं गावातच राहतं. वाळवी लागू नये म्हणून मांडवाच्या खांबांना फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात.

कायद्याने हे तेल घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांनुसार ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवं, आणि १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवरही ते परत गोळा होण्याची जबाबदारी आली आहे. जेटीवरच्या पिंपावर मात्र कसलीच चिठ्ठी नव्हती. यात काकांचा दोष मी धरत नाही. तेल द्यायचं कुठे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मोबदला देऊन दोन कॅन भरून आणले. परवानाधारक कारखान्यातून ऊर्ध्वपातनाचा गाळही मागवला आहे. 'जळकं ऑइल' आणि 'गाळ' हे दोन पदार्थ पुढच्या सगळ्या नोंदींत वेगळे लिहायचे.

२६ नोव्हेंबर

मिश्रणं तयार केली. मूळ डांबर खात्रीच्या टँकरमधलं, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० अशा दोन्ही दर्जांचं. हे दर्जे घट्टपणावरून ठरतात, आकडा मोठा तितकं डांबर कडक. दोन्हींत जळकं ऑइल आणि गाळ, वजनाने २, ४ आणि ८ टक्के.

होडीचं ऑइल गरम डांबरात ओतताच फसफसून वर आलं, कारण त्यात पाणी होतं. त्यामुळे आधी ऑइल स्वतंत्रपणे ११० अंशांवर ढवळत ठेवून पाणी उडवलं. वास उग्र आणि धूर भरपूर. इंजिनात राहून या तेलात जड धातू आणि बहुचक्रीय हायड्रोकार्बन साठतात, त्यामुळे धुराड्याखेरीज आणि मुखपट्टीखेरीज कुणीही जवळ जायचं नाही असा नियम केला. डांबराच्या बॉयलरपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या मजुराला यातलं काहीच मिळत नाही. रस्ता टिकतो की नाही याच्या आधी हा प्रश्न यायला हवा, असं मला वाटतं.

३ डिसेंबर

नेहमीच्या चाचण्या. २५ अंशांवर १०० ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंदांत किती खोल जाते ते पेनिट्रेशन, कड्यातलं डांबर गोळीच्या भाराने कधी खाली येतं तो सॉफ्टनिंग पॉइंट, आणि ६० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे डांबर वाहायला किती विरोध करतं ते, पॉइज या एककात.

व्हीजी-३० मध्ये ऑइल घातलेले नमुने लगेच पकडले गेले. डांबराचं भारतीय मानक आयएस ७३, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे व्हीजी-३० ची व्हिस्कॉसिटी २४०० ते ३६०० पॉइज, सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४७ आणि पेनिट्रेशन किमान ४५ हवं. ऑइल घातलं की सुई खोल जाते आणि व्हिस्कॉसिटी कोसळते. ८ टक्क्यांचा नमुना तर दुसऱ्याच दर्जाचा वाटावा इतका पातळ झाला. विद्यार्थी खूश झाले की भेसळ पकडता येते.

मग व्हीजी-४० ची मिश्रणं लावली. व्हीजी-४० मुळातच कडक, ३२०० ते ४८०० पॉइज. त्यात ४ टक्के गाळ घातला आणि आकडे येऊन बसले ते थेट व्हीजी-३० च्या चौकटीत. पेनिट्रेशन ठीक, सॉफ्टनिंग पॉइंट ठीक, व्हिस्कॉसिटी मधोमध. कागदावर हे निर्दोष व्हीजी-३० आहे.

या पानाभोवती मी लाल चौकट केली. प्रमाणपत्र खोटं असायची गरजच नाही. चाचण्या खऱ्या, आकडे खरे, सही खरी, आणि तरीही ते डांबर रिफायनरीतून आलेलं व्हीजी-३० नव्हे. या चाचण्या डांबर आज किती घट्ट आहे एवढंच विचारतात. ते घट्टपण कशातून आलं हे त्या विचारत नाहीत. शिवाय पेनिट्रेशनला किमान मर्यादा आहे, कमाल नाही, आणि ऑइल घातल्याने पेनिट्रेशन वाढतंच. म्हणजे त्या ओळीत ऑइलवालं डांबर अधिकच ऐटीत पास होतं.

१० डिसेंबर

फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेते ते तापमान, आणि पातळ थराची भट्टी, १६३ अंशांवर पाच तास. जळकं ऑइल इथे उघडं पडतं. त्यात डिझेलचा अंश उतरलेला असतो, तो लवकर पेटतो आणि भट्टीत उडून वजन घटतं. गाळ मात्र शांत राहतो, कारण हलका भाग कारखान्यातच निघून गेलेला असतो. तात्पर्य, गावठी भेसळ आमच्या प्रयोगशाळेत सापडेल, कारखान्यातली सापडणार नाही.

८ जानेवारी २०२५

धातूंचा शोध. आज संपूर्ण दिवस फळ्यावर गेला, नमुने मशीनखाली घालण्याआधी गोंधळ टाळावा म्हणून.

इंजिन ऑइलमध्ये झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग घालतात. काजळी आणि आम्ल आवरायला कॅल्शियमची, कधी मॅग्नेशियमची डिटर्जंट असतात. घर्षण कमी करायला काही तेलांत मॉलिब्डेनमही असतं. ऊर्ध्वपातनात ही मूलद्रव्यं उडत नाहीत, सगळी गाळात साचतात. म्हणून गाळ चाचण्यांपासून लपला तरी धातूंपासून लपत नाही. एक्सआरएफ यंत्र नमुन्यावर क्ष-किरण टाकतं आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं. सराफ सोन्याचा कस बघतात ते मशीन याच जातीचं.

पण एकट्या जस्तावर कुणाला दोषी धरणं चूक ठरेल. टायरच्या रबरात जस्ताचं ऑक्साइड असतं, त्यामुळे रबराचा भुगा मिसळलेल्या डांबरात, सीआरएमबीत, जस्त दिसणारच, आणि ते वैध आहे. नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला तर डब्यातलं जस्तही त्यात उतरू शकतं. फॉस्फरस पॉलिफॉस्फोरिक आम्लातूनही येतो, तेही डांबर सुधारायला वापरतात. कॅल्शियम तर खडीच्या धुळीतही असतं, आणि आमच्या किनाऱ्यावर शिंपल्याच्या चुन्यातही. मॉलिब्डेनम सर्वांत बोलका साक्षीदार, पण त्याची हलकी रेषा गंधकाच्या रेषेवर जवळजवळ बसते आणि डांबरात गंधक काही टक्के असतं. त्यामुळे मॉलिब्डेनमची वरच्या ऊर्जेची रेषाच वाचायची.

ठरलं असं : जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम एकत्र दिसले तरच 'ऑइलचा अंश' लिहायचं. नुसतं जस्त दिसलं तर 'रबर असू शकतं, चौकशी करा'. नमुने काचेच्या बरण्यांत किंवा साध्या, मुलामा नसलेल्या डब्यांत.

२७ जानेवारी

मुंबईला पाठवलेल्या नमुन्यांची एक्सआरएफ मोजमापं आली. आमच्या मिश्रणांचा आलेख सरळ चढतो, जितका गाळ जास्त तितके धातू जास्त. ४ टक्के सहज वाचता येतात, २ टक्केही.

मग अनोळखी नमुने. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या कामांवरून, शाखा अभियंत्यांच्या परवानगीने, पिंपांतून आणि टँकरमधून घेतलेले. बहुतेक स्वच्छ निघाले. हे मी मुद्दाम आधी लिहितो. काहींमध्ये चारही मूलद्रव्यं एकत्र दिसली. एका ठिकाणी फक्त जस्त होतं, चौकशी केली तेव्हा तिथे सीआरएमबीच मागवलेलं होतं आणि पावतीही तसंच सांगत होती. ८ जानेवारीचा दिवस फळ्यावर घालवला त्याचं चीज झालं, नाहीतर एका प्रामाणिक माणसावर ठपका आला असता.

चारही मूलद्रव्यं दिसलेल्या नमुन्यांचे पुरवठादार कोण, हे या वहीत येणार नाही. ती माहिती संबंधित उपविभागाकडे बंद पाकिटात दिली.

१९ फेब्रुवारी

म्हातारपणाच्या चाचण्या. सध्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

डांबर म्हणजे एकजिनसी पदार्थ नव्हे. ॲस्फाल्टीनचे जड, काळे कण रेझिनांच्या आधाराने तेलकट भागात तरंगत असतात. तो तेलकट भाग सुगंधी जातीचा असेल तर कण विखुरलेले राहतात. इंजिन ऑइल बहुतांशी पॅराफिनी. ॲस्फाल्टीनची व्याख्याच मुळी पॅराफिनी द्रावकात, म्हणजे हेप्टेनमध्ये, न विरघळणारा भाग अशी आहे. तेव्हा पॅराफिनी तेल वाढलं की कणांचा आधार सुटू लागतो आणि ते एकमेकांना धरून जाळं बांधतात. सुरुवातीला डांबर मऊ वाटतं. पण ऊन आणि हवा लागत गेली की ते ताण सोडायचंच विसरतं. उत्तर अमेरिकेतले अभियंते डांबराची छोटी तुळई थंडीत वाकवून हे डेल्टा टीसी या आकड्याने मोजतात. कडकपणाची मर्यादा एका तापमानाला गाठली जाते, ताण सोडण्याची दुसऱ्या. या दोन तापमानांतला फरक जितका उणे, तितका तडकण्याचा धोका मोठा.

ते यंत्र आमच्याकडे नाही. दाबाखाली २० तास जुनं करणारं भांडंही नाही. पण टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्यावर जुन्या झालेल्या डांबराची तडकण्याची वृत्ती १५ अंशांवरच्या डक्टिलिटीशी, म्हणजे डांबराचा धागा न तुटता किती ताणतो याच्याशी, जोडून दाखवली आहे, आणि डक्टिलिटीचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत कधीचं आहे. पाणी १५ अंशांवर ठेवायला बर्फ लागला, तो मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातून आणला. पातळ थर ओव्हनमध्ये मुरवत ठेवले, मग डांबराचा धागा सावकाश ओढला.

ताजं असताना खरं व्हीजी-३० आणि 'बनवलेलं' व्हीजी-३० यांच्यात काही निवडता येत नव्हतं. मुरवल्यानंतर खऱ्याचा धागा ताणत गेला. बनवलेल्याचा, खडू मोडावा तसा, थोडा लांबून तुटला. तुटलेली टोकं निमुळती नव्हती, बोथट होती. विद्यार्थ्यांपैकी एकीने दोन्ही टोकं शेजारी ठेवून फोटो घेतला आणि म्हणाली, "सर, अहवालात आकड्याच्या आधी हा फोटो घालूया." घालू.

कोकणात बर्फ पडत नसला तरी हे इथे लागू पडतं. एप्रिल-मेच्या उन्हात वरचा थर कोरडा पडतो, केसासारख्या बारीक भेगा जातात, आणि त्यानंतर जूनचं पाणी येतं.

१४ मार्च

पाण्याच्या चाचण्या. खडीला डांबर फासून ४० अंशांच्या पाण्यात २४ तास, आणि दहा मिनिटांची उकळती चाचणीसुद्धा. दगड दोन : कणकवलीकडचा काळा बेसाल्ट आणि दक्षिणेकडचा, गारगोटीचा अंश असलेला फिकट दगड.

मला वाटलं होतं की इंजिन ऑइलमधली डिटर्जंट पाण्यात डांबर झटकन सोडवतील. स्वच्छ बेसाल्टवर तसं झालं नाही, फरक डोळ्याला दिसण्याजोगाही नव्हता. फिकट दगडावर फरक दिसला, गाळ जास्त तशी खडी जास्त उघडी. मात्र सर्वांत मोठा फरक तिसऱ्याच गोष्टीने पडला. क्रशरवरून धुळीसकट आणलेली खडी न धुता वापरली तेव्हा खरं डांबर आणि बनवलेलं डांबर, दोन्ही सारखीच सुटली.

हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, जरी तो प्रकल्पाच्या शीर्षकाला सोयीचा नसला तरी. धुळकट खडीवर कितीही शुद्ध डांबर ओता, पहिल्या पावसात ते निघेल. डांबराच्या भेसळीवर बोट ठेवताना क्रशरच्या चाळणीकडे दुर्लक्ष होता कामा नये.

२५ मे

मान्सून आज देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. पाऊस त्याआधीच आठवडाभर कोसळतो आहे. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हातात असलेले दिवस गेले.

दुपारी एका गावरस्त्यावर थांबलो. ओल्या खडीकरणावर कार्पेट अंथरणं चालू होतं, टिप्परमधल्या मालातून वाफ येत होती. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक निर्देशांत स्पष्ट आहे : पृष्ठभागावर पाणी साचलेलं असताना किंवा पाऊस पडत असताना डांबरी थर टाकायचा नाही. मुकादम म्हणाले, "साहेब, माल प्लांटवरून निघालाय, परत कुठे नेऊ?" त्यांची अडचण खरी आहे. पण त्या तुकड्यातलं डांबर मी तपासलेलं होतं आणि ते स्वच्छ होतं. हा रस्ता उखडला तर त्याचं कारण ऑइल नसेल. जागा कळावी म्हणून रस्त्यावरचा साखळी क्रमांक टिपून ठेवला.

२१ ऑगस्ट

पाऊस जरा उघडला. उपविभागाच्या परवानगीने कोअर, म्हणजे रस्त्याचे आरपार कापलेले गोल नमुने, काढले, एक तुकडा ऑइलचा अंश सापडलेल्या डांबराचा, दुसरा २५ मेचा ओल्यावर टाकलेला.

डांबर सुटं करायला ट्रायक्लोरोएथिलीन आणि सेंट्रिफ्यूज. मग द्रावक निर्वातात उडवायचा. जरासा द्रावक मागे राहिला तरी डांबर खोटं मऊ दिसतं, म्हणून दोन वेळा वजन घेऊन ते स्थिर झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. बेसाल्टची बारीक धूळ डांबराबरोबर येते आणि कॅल्शियम वाढवते, त्यामुळे इथे कॅल्शियम मोजणीतून बाद केलं, उरलेल्या तिघांवर भिस्त ठेवली.

२५ मेच्या तुकड्यावर खड्डे पडले आहेत. कार्पेट खालच्या थरापासून सुटून पापुद्र्यासारखं निघतं. त्यात ऑइल नाही. ऑइल असलेल्या तुकड्यावर अजून एकही खड्डा नाही, पण पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं आहे, तेही उन्हाच्या बाजूला जास्त. झाडांच्या सावलीत कमी. वयाने हा रस्ता लहान आहे. त्यातून काढलेल्या डांबराचा धागा १५ अंशांवर फेब्रुवारीतल्या मुरवलेल्या नमुन्यासारखाच तुटला.

म्हणजे ऑइल पहिल्या पावसात रस्ता मारत नाही. ते रस्त्याचं आयुष्य कापतं, आणि बहुधा दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने दुरुस्ती करून द्यायची, मुदत संपल्यावर ते दिसू लागेल. याच कारणासाठी ते सापडायला हवं, कारण तोवर ठेकेदाराची अनामत परत गेलेली असेल आणि दुरुस्तीचा खर्च जिल्हा परिषदेच्या डोक्यावर बसेल.

६ ऑक्टोबर

उपविभागाला द्यायचं टिपण आज पूर्ण झालं. वापरलेल्या तेलाच्या मी सरसकट विरोधात नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या रस्त्याचा खरवडलेला माल पुन्हा वापरताना सुकलेल्या डांबराला पुन्हा मऊ करणारं काहीतरी लागतंच, आणि त्या कामासाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १२० सारखे मार्गदर्शक नियम २०१५ पासून आहेत. तिथे काय घातलं, किती घातलं आणि कशासाठी, हे उघड लिहिलेलं असतं. माझा आक्षेप न सांगता घातलेल्या तेलाला आहे. सरकार व्हीजी-३० चे पैसे देतं, तर त्याला व्हीजी-३० मिळायला हवं.

मागण्या मोजक्याच ठेवल्या. प्रत्येक टँकरमधून खाली करतानाच तीन नमुने घ्यायचे, एक ठेकेदाराचा, एक खात्याचा, एक सीलबंद राखीव, सगळे मुलामा नसलेल्या डब्यांत. नेहमीच्या चाचण्यांबरोबर मुरवलेल्या डांबराची १५ अंशांवरची डक्टिलिटी. धातूंची तपासणी सगळ्यांची नको, ज्यांची डक्टिलिटी संशयास्पद आहे त्यांचीच, म्हणजे खर्च आटोक्यात राहील. आणि खडीच्या धुळीची चाळणी चाचणी रोज, क्रशरवर, प्लांटवर नव्हे.

उपअभियंता मॅडमनी एकच प्रश्न विचारला : ही डक्टिलिटी आयएस ७३ मध्ये नाही, मग हिच्यावर माल नाकारायचा कसा? नाकारता येणार नाही, हे मान्य केलं. पण हिच्या आधारे राखीव नमुना बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येईल, आणि तसं कलम निविदेत आधीच घालता येईल. त्या म्हणाल्या, या हंगामातल्या दोन कामांच्या निविदांत घालून बघू. पहिला टँकर दिवाळीनंतर येईल. डबे धुऊन, क्रमांक घालून ठेवले आहेत.